नको म्हणण्याची रीत

दारावर आलेल्या विक्रेत्याला 'नको' म्हणण्यात काही पाप नाही. घर माझे, पैसा माझा, दुपारची झोपही माझी. बोलावल्यावाचून आलेल्याने ती मोडली तर त्याला परत पाठविण्याचा अधिकार मला आहेच. प्रश्न एवढाच, की तो अधिकार बजावताना आपल्या आवाजात जी धार येते ती कोठून येते?

दुकानात आपण वीस लुगडी उलगडायला लावतो आणि रिकाम्या हाताने उठताना थोडे ओशाळतो. तीच लुगडी डोक्यावर घेऊन तोच मनुष्य उंबऱ्याशी आला, की ओशाळण्याची पाळी त्याची. माल तोच, गरजही तीच. दुकानात आपण त्याच्या घरी असतो, येथे तो आपल्या.

आमच्या बीड जिल्ह्यातील खेड्यांत कासार बांगड्या घेऊन आला, की ओसरीवर घोंगडे पडे आणि आधी पाण्याचा तांब्या येई. ज्या मुलखात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथे तांब्याभर पाणी ही लहान गोष्ट नव्हे. हातात चढवताना बांगडी पिचली तर नुकसान कासाराचे. सगळ्या भरून झाल्या, की बाया त्याला वाकून नमस्कार करीत. पण हा मान दारी येणाऱ्या प्रत्येकाला होता असे म्हणणे म्हणजे जुन्या काळाची खोटी आरती ओवाळणे. सुया, दाभण, बिब्बे विकणाऱ्या वैदू बाईला पाणी मिळे ते वरून ओतलेले, ओंजळीत. कासाराला गाव ओळखत होते. तिला गावच नव्हते.

अनोळखी माणसाची भीती अगदीच निराधार नाही. दागिने उजळून देतो म्हणत सोने लांबवणारे भामटे खरोखर येतात. पण ही भीती कोठवर जाते तेही आपण पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. अफवा मोबाइलवरून आधीच गावोगाव पोहोचली होती.

कायद्याने आपल्यापुरते काम केले आहे. 2014 च्या अधिनियमाने पथविक्रेत्यांना संरक्षण दिले. 2021 च्या नियमांनी थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांच्या विक्रेत्याला ओळखपत्र आणि पूर्वसंमती यांवाचून घरी येण्यास मनाई केली. ठीकच झाले. मात्र दार उघडल्यावर काय बोलावे, हे कोणत्या नियमात लिहिणार?

मला विचाराल तर धाडकन दार लावणारा सर्वांत वाईट नव्हे. तो अपमान करतो खरा. पण समोरच्याची दुपार त्याला परत देतो. आतल्या खोलीतून पोराला 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग' म्हणणारा अधिक वाईट, कारण त्याचे खोटे पोराच्या तोंडून बाहेर पडते. त्याहून वाईट तो, जो घ्यायचे नसताना गाठोडे सोडायला लावतो, भाव निम्म्यावर आणतो आणि 'पुढल्या खेपेला बघू' म्हणून उठतो. दयेपोटी अगरबत्तीचा पुडा घेणारे भले लोकही मला पुरते पटत नाहीत. विकणारा भीक मागत नसतो. पुडा हवा असेल तर घ्यावा, नसेल तर पहिल्याच वाक्यात, त्याच्याकडे पाहून, नको म्हणावे.

दिवाळी झाली, की आमच्या जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर बिऱ्हाड पाठीशी बांधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तेथे कोपीतली बाई घागर घेऊन परक्या गावातल्या एखाद्या दारी उभी राहते, आणि तिला कोणत्या शब्दांत उत्तर मिळाले, ते उन्हाळ्याच्या तोंडी ती परत आली, की घरोघर सांगितले जाते. ऐकणारी माणसे हळहळतात. त्याच आठवड्यात त्याच आळीत परप्रांतातला एखादा चादरीवाला येतो, आणि त्याला कोणीतरी भिकाऱ्याला म्हणतात तसे 'पुढे जा' म्हणते.