अर्धा कोयता

बीडकडून ऊसतोडीला निघणारी टोळी माणसांत मोजत नाहीत, कोयत्यांत मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. फडावर जाण्याआधीचा स्वयंपाक बायकोचा. मग तोडलेला ऊस गोळा करणं, मोळ्या बांधणं, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेणं, यातही ती असतेच. हंगामाआधी मुकादमाकडून मिळणारी उचल मात्र जोडीची असूनही बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहिली, हे कित्येक बायकांना कुणी सांगतच नाही. खाडा झाला की दंड दोघांच्या माथी. पाळीतली विश्रांतीही परवडेना, तेव्हा गर्भाशय काढून टाकण्यापर्यंत मजल गेली, आणि २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य सरकारला समिती नेमावी लागली. जे कर्ज फेडायला तिने शरीर झिजवलं, ते घेताना तिला कुणी विचारलं होतं?

शिकलेल्या घरांत हेच जरा सभ्यपणे चालतं. पगार तिच्या खात्यात जमा होतो आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं. भाजीच्या पैशांतून दोनशे रुपये जास्त गेले तर रात्री हिशेब द्यावा लागतो. तिने कुरकुर केली की उत्तर ठरलेलं: ‘तुला इथे काय कमी आहे?’ माहेरी सांगितलं तर तिथेही, ‘मारत तर नाही ना?’

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने हा प्रश्न निकालात काढला आहे. घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन बळकावणं, राहत्या घरात येऊ न देणं, हे सगळं त्या कायद्यात आर्थिक अत्याचार म्हणून नोंदलेलं आहे. आणि ते योग्यच आहे. कारण मार खाणाऱ्या बाईला रात्री घर सोडायचं तर आधी गाडीभाडं लागतं. ते तिच्याजवळ नसेल तर उरलेले सगळे हक्क कागदावरच राहतात.

मला सर्वांत जास्त सलते ती मायेने केलेली लूट. हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. तरी वडील गेले की बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावणं येतं. तिने नाही म्हटलं तर माहेर तुटतं, म्हणून ती सही करते. भाऊ साडी घेतो, आणि गावात बहिणीच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक होतं. धाकात मिळालेल्या सहीला मोठेपणा म्हणणं मला मान्य नाही.

हे वाचणाऱ्या भावांना एवढीच विनंती: बहिणीला सहीसाठी बोलावण्याआधी तिच्या हातात सातबारा द्या, तिच्या वाट्याची आजची किंमत सांगा. त्यानंतरही तिने वाटा मागितला, तर तो मोजून द्या आणि दिवाळीला तिला पूर्वीसारखंच घरी बोलवा.