पावले कोण मोजणार?



अडचणीत असलेल्या माणसाला "कसे चालले आहे?" असे विचारले की पुष्कळदा उत्तर मिळते, "टू स्टेप्स फॉरवर्ड, वन स्टेप बॅक." दोन पावले पुढे, एक मागे. हिशेबाअंती एक पाऊल शिल्लक राहते, म्हणून ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. पण ज्याच्या हाती काहीच शिल्लक राहत नाही, त्याचे कष्ट वाया गेले असे आपण म्हणावे काय?

पेणच्या खारेपाटात पाहा. उधाणाने बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते, जमीन नापीक होते. शेतकरी माती टाकून खांड बुजवतात. बांध एक हातही पुढे सरकत नाही, होता तिथेच उभा राहतो. तरी त्याच्याच आधाराने गावाचा भात पिकतो. रोह्याच्या खाडीपट्ट्यालाही हे ठाऊक आहे.

संत मार्कच्या शुभवर्तमानात (६:४५-५२) वारा समोरचा होता आणि शिष्य वल्ही मारून हैराण झाले होते. किती अंतर कापले, असे प्रभूने विचारले नाही. त्याने त्यांचे श्रम पाहिले आणि तो त्यांच्याकडे गेला.

अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणारी सून, व्यसन सोडू पाहणारा तरुण, कर्ज फेडणारे कुटुंब, यांची पावले आपण मोजू नयेत. टिकून राहणे हीही वाटचालच आहे. मात्र कोरडा धीर देऊन निघून जाणे पुरेसे नाही. खांड एकट्याने बुजत नाही. या आठवड्यात अशा एका घरी जाऊन आपण आपल्या वाट्याची पाटीभर माती टाकू या.