मुखदर्शनाची रांग

पंढरपुरात दोन रांगा लागतात. एक पदस्पर्शाची, दुसरी मुखदर्शनाची. आषाढीच्या दिवसांत पहिलीत उभं राहिलं की दिवसरात्र मोडते आणि पायांवर डोकं टेकतंय तोच मागून ‘चला माउली, चला’ सुरू होतं. दुसरी लवकर सरकते, पण देव लांबून दिसतो. ज्याला हेही जमत नाही तो कळसाला हात जोडून परत फिरतो, आणि त्याची वारी चुकली असं कोणी म्हणत नाही. मोबाइलवरचं थेट दर्शन हे खरं दर्शन का, हा माझ्या संशोधनाचा विषय. तो नवा आहे असं आमच्या विभागात मानतात. मला तो या रांगांइतकाच जुना वाटतो.

मी कॉलेजात माध्यमशास्त्र शिकवते आणि राहते वसईजवळच्या गोखिवऱ्यात. माहिती गोळा करायला लांब जावं लागत नाही. इथल्या गाळ्यांत पॅकिंगला येणाऱ्या बायकांपैकी एक काकी मूळच्या सोलापूरकडच्या. जेवणाच्या सुट्टीत डब्याला टेकवून मोबाइल उभा करतात, चपला काढतात, पदर सारखा करतात आणि विठ्ठल लावतात. मध्येच बनियनची जाहिरात आली की डोळे मिटून घेतात; ती संपल्याचं आवाजावरून कळतं. फोन पालथा ठेवत नाहीत, ‘आत्ताच देव होता त्यात.’

माझ्या प्रश्नावलीत ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच चौकोन आहेत. काकींनी ते बघितले आणि म्हणाल्या, ‘मला तो दिसतो गं. मी त्याला दिसते का, ते त्याला विचार.’

हार्वर्डच्या अभ्यासक डायना एक (Eck) यांनी 1981 साली ‘दर्शन’ या विषयावरच पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा हाच : भक्त देवाला बघतो तेवढ्याने भागत नाही, देवानेही भक्ताला बघावं लागतं. काकींनी ते पुस्तक वाचण्याचा प्रश्नच नाही. पण अडचण त्यांनी नेमकी दाखवली. माझं शास्त्र काकींचं बघणं मोजू शकतं, किती वेळ, कोणत्या वेळी, जाहिरातीसकट. पलीकडच्याचं बघणं मोजायला चौकोन नाही. तांत्रिकदृष्ट्या तर दर्शन कॅमेऱ्यालाच होत असतं!

माझा सहकारी वसईतल्याच निर्मळ गावचा, कॅथलिक. 2020च्या टाळेबंदीत त्याच्या घरी मिस्सा यूट्यूबवर चाले. त्याच्याकडे उत्तर तयार आहे : व्हॅटिकनने 2002 सालीच सांगून ठेवलंय की इंटरनेटवर साक्रामेंत होत नाहीत. मिस्सा बघा, प्रार्थना करा, पण ख्रिस्तप्रसाद पडद्यातून मिळायचा नाही. मला या स्पष्टपणाचा हेवा वाटतो. आमच्याकडे असं ठरवून देणारं कोणी नाही. 1894 साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला, लक्ष्मी-सरस्वती छापून घरोघरी गेल्या आणि देव्हाऱ्यात बसल्या. 1987 साली ‘रामायण’ लागलं तेव्हा लोकांनी टीव्हीला हार घातले. परवानगी कोणाची विचारायची होती?

तरीही ‘पडद्यावरचं दर्शन कमअस्सल’ हे वाक्य चर्चासत्रांत सारखं ऐकू येतं. ते कोण म्हणतं, हे मी आता बघू लागले आहे. बहुधा ज्यांच्या घराण्याला गाभाऱ्यापर्यंत जायला कधी कोणी अडवलं नाही, ते. पंढरपुरात दलित संत चोखोबांची समाधी देवळाच्या महाद्वारासमोर आहे, बाहेर. त्यांच्या लोकांना शतकानुशतकं तिथवरच येता येई. 1947च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, त्यानंतर देऊळ दलितांना खुलं झालं. तोवर लांबूनच हात जोडणाऱ्यांचं दर्शन खोटं होतं म्हणायचं? आणि खरं होतं म्हणावं, तर ज्यांनी त्यांना बाहेर ठेवलं त्यांची आयतीच सोय होते : मग आत कशाला यायचं होतं? या पेचातून मला सरळ वाट दिसत नाही. एवढं मात्र दिसतं की अंतर देवाच्या नजरेला पडत नसेलही, पण ते पाडणारी माणसं असतात, आणि माणसांचा अभ्यास हे माझं काम आहे.

काकी स्वतः मात्र दर कार्तिकीला जातात, पदस्पर्शाच्याच रांगेत. ‘मोबाइलवर रोज भेटतो, तरी?’ मी विचारलं. ‘फोनवर बोलणं होतं म्हणून माहेरी जायचं सोडतेस का तू?’

आता प्रश्नावलीच्या सुरुवातीला मी एक नवा प्रश्न घातला आहे : तुमच्या घरातलं देवळात पहिलं कोण गेलं, आणि कुठवर? मार्गदर्शक म्हणतात, हा इतिहासाचा प्रश्न झाला, माध्यमांचा नाही. मी तो काढलेला नाही. या प्रश्नाला चौकोन दिलेले नाहीत. लोक आजीपासून सुरुवात करतात, चहा येतो, दुसरा येतो. प्रबंधाला शब्दमर्यादा आहे. ती वाढवून मिळावी म्हणून अर्ज केलाय.