लंपनचं गाव

जयपूरला जवाहर नगरात ज्यांची मुलं-नातवंडं वाढताहेत, त्यांच्यासाठी आज एका लेखकाची आठवण काढते.

प्रकाश नारायण संत. जन्म १९३७, कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव. व्यवसायाने भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, नोकरी कऱ्हाडला. वडील १९४६ साली गेले. आजोळी ते दत्तक गेले आणि भालचंद्र दीक्षित झाले. बेळगावकडचं ते बालपण पुढे ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ या पुस्तकांत उतरलं. त्यातला लंपन आजी-आजोबांकडे राहतो. आजीची माया त्याला भरभरून मिळते, तरी दूर असलेल्या आईची ओढ सुटत नाही. कानडी हेल मिसळलेली बोली, शाळा, पेटीचे सूर, मैत्रीण सुमी. एवढंच त्याचं जग. मोठी घटना जवळजवळ नाहीच! संतांनी ते मुलाच्या नजरेतून लिहिलं, मोठेपणीची समजूत मध्ये येऊ दिली नाही. मला तर मराठीत याहून खरं बालपण दुसरं दिसत नाही.

सुट्टीत मुलांना चार दिवस आजोळी पाठवा. आणि आज रात्री ‘वनवास’ची दोन पानं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.