तळे राखणाऱ्याचा विवेक

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही आपली जुनी म्हण. गावचे तळे लहान आणि त्याचे हक्कदार एकमेकांच्या ओळखीचे. त्यामुळे राखणदाराच्या चार ओंजळींचा हिशेब कोणी मागत नसे. परंतु तळे शंभर अब्ज घनफुटांहून मोठे असेल आणि त्याचे हक्कदार दोन-तीन जिल्ह्यांत विखुरलेले असतील, तर राखणदाराने कोणत्या न्यायाने वागावे?

सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाचे उदाहरण घेऊ. त्याच्या शिवसागर जलाशयाची साठवणक्षमता १०५.२५ अब्ज घनफूट आहे. यातील बरेचसे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस नेऊन त्यावर वीज निर्माण केली जाते. पुढे ते वाशिष्ठी नदीला मिळते आणि कृष्णाखोऱ्यास कायमचे अंतरते. म्हणूनच कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळवलेल्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. उरलेले पाणी पूर्वेकडे सोडले जाते. ते कराडजवळ कृष्णेला मिळते, सांगलीकडील शेतीला आणि पिण्यासाठी उपयोगी पडते. पावसाळ्यात याच धरणाने नदीकाठची गावे पुरापासून वाचवावीत, अशीही अपेक्षा असते. वास्तविक हे धरण मुख्यतः विजेसाठी बांधले गेले. पूरनियंत्रणाची अपेक्षा त्याच्या खांद्यावर मागाहून आली.

येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. विजेला आणि शेतीला भरलेला जलाशय हवा. पुराला आवरण्यासाठी रिकामा हवा. एकच जलाशय एकाच वेळी भरलेला आणि रिकामा असू शकत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले, तेव्हा ‘धरणे आधीच रिकामी का केली नाहीत?’ असा संतप्त प्रश्न विचारला गेला. २०२३ साली पावसाने ओढ दिली, कोयना पुरती भरली नाही, आणि शेतीसाठी किती सोडावे व विजेसाठी किती राखावे यावरून वाद पेटला. चार वर्षांच्या अंतराने तोच राखणदार एकदा पाणी धरून ठेवल्याबद्दल आणि एकदा पाणी पुरले नाही म्हणून दोषी ठरतो. जुलैच्या अखेरीस दरवाजे उघडावेत की मिटावेत हे ठरवताना सप्टेंबरचा पाऊस त्याला ठाऊक नसतो. आपण मात्र त्याचा न्याय पश्चातबुद्धीने करतो.

मग अशा निर्णयाची नैतिक कसोटी कोणती? केवळ परिणाम ही ती कसोटी नव्हे. नाहीतर सुदैवी माणूस नीतिमान आणि दुर्दैवी माणूस पापी ठरेल. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाच्या घटकांत स्मृती, दूरदृष्टी आणि सावधगिरी यांची गणना केली आहे. जलाशयाला या तिन्ही गोष्टी अक्षरशः लागू पडतात. मागील वर्षांच्या पावसाच्या नोंदी ही स्मृती. कोणत्या तारखेस साठा किती असावा, हे आधीच ठरवून देणारे परिचलनाचे वेळापत्रक ही दूरदृष्टी. आणि दरवाजे उचलण्यापूर्वी खालच्या गावांना वेळेवर दिलेला इशारा ही सावधगिरी. हे सारे प्रामाणिकपणे पाळूनही हानी झाली, तर ती आपत्ती होय. यांतील एकही कर्तव्य चुकले असेल, तर मात्र तो अपराध होय, मग त्या वर्षी पूर येवो वा न येवो.

तथापि सारा भार राखणदारावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. प्रत्येकाला पूर्ण पाणी, पूर्ण वीज आणि पूर्ण सुरक्षा, अशी वचने एकाच जलाशयाच्या भरवशावर देणे हे असत्य आहे, आणि ती मागणारे आपणही त्या असत्याचे भागीदार आहोत. तूट येणारच असेल, तर ती कोणी किती सोसायची हे संकटाच्या रात्री नव्हे, तर कोरड्या दिवसांत, सर्वांसमक्ष ठरले पाहिजे. आणि ज्याच्या शेतात सर्वांच्या सोयीसाठी पाणी शिरले, त्याला मिळणारी भरपाई ही भिक्षा नसून इतरांनी फेडावयाचे ऋण आहे, हेही तेव्हाच मान्य झाले पाहिजे.

असे एक ऋण जुनेच आहे. कोयनेच्या खोऱ्यातील कुटुंबांनी या धरणासाठी आपली घरे आणि भाताची खाचरे पाण्याखाली दिली. त्यांपैकी अनेकांना पुनर्वसनासाठी दशकानुदशके झगडावे लागले. पाणीवाटपाच्या तक्त्यात वीज, सिंचन, पिण्याचे पाणी असे रकाने असतात. या माणसांसाठी त्यात रकाना नाही. कोयनेची वीज विशेषतः संध्याकाळी, मागणी वाढते तेव्हा, उपयोगी पडते. दिवेलागणीला आपण बटण दाबतो, तेव्हा ज्यांनी तळे राखले नाही आणि ज्यांना त्याचे पाणीही चाखता आले नाही, पण ज्यांच्या अंगणावर ते तळे उभे आहे, त्यांची आठवण ठेवणे हा आपल्याही विवेकाचा भाग आहे.