कुणीतरी खाली थांबायला हवं

वीस-बावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून ‘शिल्लक टाका, शिल्लक टाका’ असं सांगत पोट भरणाऱ्या माणसाला एक खोड जडते. चांगली वस्तू समोर आली की तिचा उपभोग घ्यावा असं त्याला आधी वाटतच नाही. ही ठेवायची कुठे, हा विचार पहिला. मग तो दिवाळीचा बोनस असो, हापूसची पेटी असो, नाहीतर आनंद असो. बोनससाठी बँक आहे, आंब्यासाठी कॉटखालची जागा आहे आणि आनंदासाठी कॅमेरा आहे, अशी २०१५ सालापर्यंत माझी प्रामाणिक समजूत होती.

त्या वर्षी एल.एफ.सी.वर केरळला जायचं असं घरात ठरलं आणि डिसेंबरात रजा द्यायची नाही असं शाखेत ठरलं. या दोन ठरावांतून जी तडजोड निघाली तिचं नाव खोपोली. तिथे जवळच २०१३ मध्ये इमॅजिका नावाचं थीम पार्क सुरू झालं होतं. कन्येच्या वर्गातल्या निम्म्या मुली तिथे जाऊन आल्या होत्या आणि कन्येने, वय वर्षं दहा, एका रात्री जेवताना ‘बाबा, आपण गरीब आहोत का?’ असा थेट प्रश्न टाकला होता. असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, तिकिटं काढायची असतात. ती काढली. आणि मग मी कॅमेऱ्याच्या मागे लागलो.

आमचे हेडकॅशिअर म्हणाले, “फोन आहे ना तुझ्याकडे? कॅमेरा कशाला?” पण माझ्या तेव्हाच्या फोनवर काढलेल्या फोटोत माणूस कोणता आणि दरवाजा कोणता हे सोबत उभं राहून समजावून सांगावं लागे. शिवाय कॉमर्सचा पदवीधर कुठलीही वस्तू दुकानात जाण्याआधी कागदावर विकत घेतो, आणि त्यात त्याला जी मजा येते ती पुढे वस्तूत येत नाही. पे-इन-स्लिपांच्या पाठीवर मी रकाने आखले.

पहिला रकाना मेगापिक्सेलचा. आमच्या अल्बमात बसतो तो फोटो सहा बाय चार इंचांचा. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके धरा. अठराशे गुणिले बाराशे, म्हणजे एकवीस लाख साठ हजार ठिपके. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. म्हणजे माझी गरज सव्वादोनच्या आतली, आणि फोर्टातला दुकानदार सोळाच्या खाली उतरायला तयार नाही! “साहेब, उद्या भिंतीएवढा फोटो करायचा म्हटलात तर?” मी म्हटलं, “भिंतीएवढा फोटो लावला तर कपाट कुठे ठेवू?” यावर त्याने माझ्याकडे बँकवाल्याकडे बघावं तसं बघितलं.

दुसरा रकाना झूमचा. यात ऑप्टिकल आणि डिजिटल असे दोन प्रकार असतात, आणि दुकानदार दोन्हींचा गुणाकार करून आकडा सांगतात. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं खरोखरीच पुढेमागे होऊन लांबचं जवळ आणतात. डिजिटल झूम म्हणजे आहे त्याच चित्राचा मधला तुकडा कापायचा आणि ताणून मोठा करून दाखवायचा. आम्हा हिशेबी मंडळींना हा दुसरा प्रकार चटकन कळतो. मार्चअखेरीला ताळेबंद असेच ताणतात.

सरतेशेवटी खिशात मावणारा, चंदेरी, सोळा मेगापिक्सेलचा आणि पाचपट खऱ्या झूमचा कॅमेरा घेतला. सोबत जादा बॅटरी, मनगटात अडकवायची दोरी, पाण्याच्या राइडसाठी प्लास्टिकची पिशवी आणि आठ जीबीचं कार्ड. या कार्डात हजारावर फोटो मावतात हे ऐकून मला किंचित घेरी आली. कारण आमचं सगळं बालपण छत्तीस फोटोंत बसलेलं.

छत्तीस म्हणजे एक रोल. एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये गोराईला सुरू झालं (आता तेही बंद पडलं), आणि पुढच्याच मे महिन्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आम्हाला बोटीतून तिकडे नेलं होतं. ऑफिसातल्या कुणाचा तरी हॉटशॉट कॅमेरा मागून आणलेला. अण्णांनी दिवसभरात मोजून नऊ फोटो काढले. उरलेले सत्तावीस गणपतीसाठी, मावसबहिणीच्या लग्नासाठी आणि भाऊबीजेसाठी राखून ठेवले. रोल संपला दिवाळीत. त्यामुळे पाकिटातून फोटो बाहेर पडले तेव्हा आकाशपाळणा, गौरीचा मुखवटा आणि नवरदेव हे एकाच सहलीला गेल्यासारखे दिसत होते. अण्णा त्यातल्या एकाही फोटोत नव्हते. आई तसं म्हणाली तेव्हा अण्णा म्हणाले होते, “कुणीतरी कॅमेरा धरायला हवा ना!” त्या वाक्यात मला तेव्हा केवढा त्याग दिसला होता!

तर, इमॅजिका. सकाळी दहाला आत शिरलो आणि अकरापर्यंत माझे साठ फोटो झाले होते. कमानीचा फोटो, कमानीखाली कन्येचा फोटो, कमानीखाली कन्या आणि सौ., मग तेच पुन्हा, कारण पहिल्यात एका अनोळखी गृहस्थाचं पोट आलं होतं. भर उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही, ही गोष्ट माझ्या एकाही रकान्यात नव्हती. तेव्हा एका हाताने सावली धरायची, दुसऱ्याने बटण दाबायचं आणि तोंडाने ‘हसा’ म्हणायचं. “बाबा, बघ ना!” कन्या दर दोन मिनिटांनी ओरडत होती. “बघतोय ना!” असं मी दर दोन मिनिटांनी पडद्याकडे बघत ओरडत होतो.

दुपारी आम्ही नायट्रोपाशी आलो.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे एक रोलर कोस्टर आहे. उंची साधारण चाळीस मीटर, वेग ताशी एकशे पाच किलोमीटर, आणि वाटेत गाडी पाच वेळा उलटी होते. प्रवाशाला किती वेळा होते, ते ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर. या गाडीला खाली जमीन नाही. म्हणजे माणूस खुर्चीला आवळलेला आणि पाय मोकळे, वाळत घातलेल्या पायजम्यासारखे लोंबणारे. मी सोसायटीची टाकी बघायला गच्चीवर गेलो तरी मधोमध उभा राहणारा माणूस. ते लोंबणारे पाय बघितले आणि माझा निर्णय झाला. फक्त त्याला कारण सापडायचं होतं.

कारण पाटीवरच होतं. राइडमध्ये सुटं सामान न्यायचं नाही. चष्मे, पर्स, टोप्या, आणि अर्थातच कॅमेरा!

कन्येचं डोकं उंचीच्या पट्टीला जेमतेम लागलं होतं आणि ती आनंदाने नाचत होती. “बाबा, तू माझ्या शेजारी बस.”

“छे, छे!” मी म्हटलं, “मग तुमचे फोटो कोण काढणार? कुणीतरी खाली थांबायला हवं.” हे वाक्य माझ्या तोंडून थेट अण्णांच्या आवाजात बाहेर पडलं.

सौ.ने माझ्याकडे एकदा बघितलं, “हो, हो, फोटो तर हवेतच” म्हणाली आणि पर्स माझ्या गळ्यात अडकवून गेली.

आता फोटोंचं काय झालं तेही सांगतो. ताशी एकशे पाच म्हणजे सेकंदाला एकोणतीस मीटर. माझ्यासारख्याच्या साध्या कॅमेऱ्याला बटण दाबल्यावर आधी नेम जुळवायला वेळ लागतो. तो अर्धा सेकंद धरला तरी तेवढ्यात गाडी साडेचौदा मीटर पुढे गेलेली असते. यावर उपाय म्हणजे बटण आधीच अर्धं दाबून नेम जुळवून ठेवायचा आणि गाडी आली की पुरतं दाबायचं. हे माहितीपत्रकात होतं, आणि माहितीपत्रक डोंबिवलीला होतं. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअराने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. चाळीस वर्षांत विज्ञान कुठल्या कुठे गेलं, पण त्या दिवशी मी आणि सॅसनसाहेब बरोबरीत होतो. मी अकरा फोटो काढले. सातांत आकाश, तिनांत रूळ आणि एकात हात वर केलेली कुणा दुसऱ्याची मावशी.

कन्या धावत आली. केस उभे, डोळे ताटाएवढे. “बाबा, पाहिलंस? उलटं झाल्यावर मी हात सोडले होते!”

“पाहिलं ना! फोटो पण काढला.” एका दमात दोन खोट्या नोंदी.

परतीच्या लोकलमध्ये मायलेकी माझ्या दोन खांद्यांवर झोपल्या होत्या आणि मी आमच्या धंद्यातल्या एका जुन्या प्रश्नात अडकलो होतो. एन्ट्री बरोबर आहे, पण नॅरेशन खोटं आहे, तर काय? समजा, रक्कम बरोबर, खातं बरोबर, पैसे ज्याचे त्याला पोचले, संध्याकाळी रोकडही पैशाला पैसा जुळली. फक्त पैसे कशासाठी दिले, ते कारण खोटं लिहिलं. कॅशिअर म्हणतो, रोकड जुळली ना, मग झालं! ऑडिटर म्हणतो, नाही झालं. मी खाली थांबलो, सामान सांभाळलं, सगळ्यांसाठी रांगेत उभं राहून पाणी आणलं. कुणाचंही नुकसान झालं नाही. पण ‘त्याग’ म्हणून जी नोंद पडली ती खरी ‘भीती’ या खात्यात जायला हवी होती. भिण्यात पाप नाही. मग ती तशी लिहायला माझा हात का धजला नाही?

मी स्वतःची पुष्कळ वकिली केली. मुलीचा विरस नको, बाप भितो हे तिला दहाव्या वर्षी कशाला कळायला हवं, वगैरे. कर्जतच्या आसपास ही वकिली कोसळली. कारण तीच कन्या सकाळी एका लहानशा राइडसमोर रडली होती, मग बसली होती, आणि उतरल्यावर ‘डोळे मिटले नाहीत तर कमी भीती वाटते’ असा शोध लावून आली होती. हा शोध तिला कुणाला तरी सांगायचा होता, आणि तो ऐकायची खरी गरज असलेला गृहस्थ खाली कॅमेरा धरून उभा होता. तिला एक विद्यार्थी मिळाला असता. तो मी खोट्या नॅरेशनमध्ये बुडवला.

पुढे मी या विषयात थोडं वाचन केलं, विद्वानांकडून काही सूट मिळते का बघावं म्हणून. लिंडा हेन्केल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना संग्रहालयात हिंडवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला लावले, काही नुसत्या बघायला लावल्या. फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. मी खचलो. मग २०१६ चा दुसरा अभ्यास सापडला, क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यात फोटो काढणाऱ्यांनाच सहलीची मजा जास्त आली होती. मी सावरलो. पण भिऊन फोटो काढणाऱ्यांचा वेगळा रकाना दोघांनीही ठेवलेला नाही.

त्या सहलीच्या फोटोंची एकूण संख्या चारशे बारा. ते कार्डात राहिले, कार्ड कॅमेऱ्यात, कॅमेरा कपाटात. ‘एकदा निवांत बसून बघू’ असं दर दिवाळीला ठरे. दरम्यान फोन सुधारले आणि कॅमेरे गेले. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या हिशेबाने २०१० मध्ये बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात रवाना झाले होते, २०२३ मध्ये ऐंशी लाखही नाहीत. आमच्याकडे खात्यावर दोन वर्षं व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होतं, आणि दहा वर्षं कुणी विचारलं नाही की ती ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करावी लागते. मात्र हक्कदार नंतर उगवला तरी त्याला ती परत मिळते.

हक्कदार परवा उगवला. कन्या आता कॉलेजात आहे. मैत्रिणींबरोबर त्याच पार्कात निघाली होती आणि हल्ली या मुलींना जुने डिजिटल कॅमेरे हवे असतात. त्यांतले फोटो म्हणे ‘खरे’ वाटतात. तिने कपाट उपसलं, बॅटरी चार्ज केली आणि पडद्यावर एकेक फोटो सरकवायला लागली. कमान. कमान. अनोळखी पोट. आकाश. आकाश. मावशी.

“आणि हा बघ, तू!”

मी? मी होतोच कुठे? पण होतो. नायट्रोच्या रांगेत तिने क्षणभर कॅमेरा माझ्या हातून घेतला होता, हे मी साफ विसरलो होतो. फोटोत मी मान वर करून, तोंड उघडं टाकून त्या लोंबणाऱ्या पायांकडे बघतो आहे. चेहऱ्यावर जे आहे त्याला कुठलाही ऑडिटर एकच नाव देईल. सोळाच्या सोळा मेगापिक्सेल तिथे कारणी लागले होते.

“म्हणजे तुला तेव्हाच...?”

“आईला पण. ती म्हणाली, बाबाला आग्रह करू नकोस, त्याला फोटो काढू दे.”

थोडक्यात, खोटं नॅरेशन लिहिणारा मी एकटा नव्हतो. व्हाउचरवर तिघांच्या सह्या होत्या.

मला एकदम गोराईचे अण्णा आठवले. आकाशपाळण्याच्या खाली, आमच्या चपला पायाशी मांडून, डोळ्याला हॉटशॉट लावून उभे असलेले. पाळणा वर गेला की ते मान खाली घालून रोलमधला आकडा तपासत. दर वेळी. आता विचारायची सोय नाही.

“कार्ड रिकामं करू का रे?” कन्येने विचारलं.

“राहू दे. जागा आहे त्यात.”

पाठीवर सॅक टाकून ती निघाली. दारात वळली आणि कॅमेरा माझ्यावर रोखून म्हणाली, “बाबा, हलू नकोस.”

“अगं, बटण आधी अर्धं दाब,” मी म्हटलं, “आणि मग पुरतं.”