नाक्यावरचा गवंडी

सकाळी अंधेरी-बोरिवलीच्या मजूर नाक्यांवर गवंडी, रंगारी कामाची वाट पाहत उभे असतात. पिशवीत थापी, ओळंबा, डबा. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद-मालद्याकडचा असला, तर प्लास्टिकच्या पाकिटात जपलेलं आधार आणि मतदार ओळखपत्रही. बोलतो बंगाली, म्हणून बांगलादेशी असल्याचा संशय त्याच्यावर.

उचललं जाण्याची त्याची भीती उगाच नाही. जून २०२५ मध्ये मुंबई, मीरा रोड परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट बांगलादेशच्या हद्दीत ढकललं गेलं. पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केला, तेव्हा ते परत आले. भारतीयच होते ते! १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात पुराव्याचा भार पकडलेल्या माणसावरच होता. हातावर पोट असलेल्याने कोठडीत बसून गावचा दाखला आणायचा कसा?

बेकायदा आलेल्यांना परत पाठवण्याचा अधिकार सरकारला आहे, असायलाच हवा. पण आधी नीट चौकशी, सुनावणी. आपल्या घराला गिलावा करणाऱ्या माणसाला उचललं, तर त्याच्या गावी फोन लावा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला तिथे वकील मोफत मिळतो.